मॅनेजर प्रमोशनला हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही, काय करू?

चौथी_सीट:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. ऐरोलीला एका केपीओत (बाहेरच्या क्लायंटचं ॲनालिसिसचं काम करणारी कंपनी) सीनिअर ॲनालिस्ट आहे, राहते डोंबिवलीला. आमची टीम लीड सोडून गेली तेव्हापासून तिचं सगळं माझ्याकडे आलंय, म्हणजे नवीन मुलांचं ट्रेनिंग, क्लायंटचा वीकली कॉल, रोस्टर म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, एस्कलेशन म्हणजे वरपर्यंत गेलेल्या तक्रारी, सगळंच, फक्त डेझिग्नेशन आणि पगार जुना. मॅनेजर बसतो गुरगावला. माणूस वाईट नाहीये, बोलायला गोड आहे, पण प्रमोशनचा विषय काढला की "बघूया", "सायकल येऊ दे" (अप्रेझलची), "मी वर बोलतो" आणि मग गायब. मेलला उत्तर नाही, चॅटवर सीन दिसतं पण रिप्लाय नाही, आणि रात्री रिपोर्ट हवा असला की मात्र लगेच फोन. त्याच्या वरच्या मॅडमना सांगून पाहिलं तर म्हणे तुझ्या मॅनेजरशीच बोल. एचआर तिकीट टाकायला सांगतं आणि ते तिकीट काहीही न होता क्लोज होऊन येतं. आता सेल्फ अप्रेझलचा फॉर्म उघडलाय. परत विचारू की सरळ रिझाईन टाकून बघू? घरी होम लोन चालू आहे हे पण सांगून ठेवते.

पोहे_वर_शेव:
एचआरमधे बरीच वर्षं काढलीत म्हणून आतलं सांगतो. एप्रिलच्या लेटरमधलं प्रमोशन एप्रिलमधे ठरत नाही. बऱ्याच कंपन्यांत पुढच्या वर्षाचं बजेट बनतं तेव्हाच किती माणसं वर न्यायची तो आकडा येतो, मग सगळे मॅनेजर कॅलिब्रेशनच्या मीटिंगला बसतात, आपापली नावं टाकतात, आणि नावं जास्त जागा कमी म्हणून तिथे अक्षरशः भांडणं होतात. त्या खोलीत तुम्ही नसता. गुरगावला बसून ज्याने तुमचा एक क्लायंट कॉल पण धड ऐकला नाही तो तुमच्यासाठी काय भांडणार? त्याच्या हातात कागद द्या. अर्धं पान पुरे, लीडची कुठली कामं कधीपासून करताय, क्लायंटने कौतुक केलेले मेल असतील तर ते. आणि "माझं प्रमोशन कधी" असं विचारूच नका, त्याचं उत्तर "बघूया" हेच असतं. "या सायकलला माझं नाव पाठवताय का" असं विचारा, तिथे हो नाहीतर नाही म्हणावं लागतं.

कुर्ला_स्लो:
कसला कागद न कसलं काय. लीडचा पगार वाचतोय कंपनीचा, फुकटात काम होतंय, मग कशाला देतील ताई? एक आठवडा रोस्टर बनवू नका, बघा कसा धावत येतो. आणि बाहेर इंटरव्ह्यू सुरू करा, नोटीस ९० दिवसांची असेल तर आत्तापासूनच. पण ऑफर हातात नसताना रिझाईन टाकून धमकी देऊ नका हां, ॲक्सेप्ट केलं तर ईएमआय कोण भरणार. नोकरीला ५ वर्षं व्हायला थोडेच महिने बाकी असतील तर तेवढे काढा, ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षाला १५ दिवसांचा पगार असतो, मुख्यतः बेसिक आणि डीएवर (महागाई भत्ता), ते कशाला सोडायचे.

रविवारी_पण_कॉल:
मी स्वतः मॅनेजर आहे, घाला शिव्या. खरं सांगू का, बऱ्याच वेळा आम्हालाच वरून काही कळलेलं नसतं आणि टीमला "मला माहीत नाही" म्हणायची लाज वाटते म्हणून "बघूया" निघतं तोंडातून. चूकच आहे ते, पण होतं. रोस्टर अचानक बंद करू नका, कॅलिब्रेशनमधे वर्षभराचं काम कोणाला आठवत नाही, तेवढा एक आठवडा बरोब्बर आठवतो. त्यापेक्षा लीडची जागा आयजेपीमधे, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठीच्या जागांमधे, निघालीये का ते आधी बघा. निघाली असेल तर सरळ अप्लाय करा, बऱ्याच ठिकाणी मॅनेजरला नुसतं कळवावं लागतं, परवानगी लागत नाही, तुमच्याकडची पॉलिसी वाचून घ्या.

पासबुक_प्रिंटर:
सरकारी बँकेतून बोलतोय. आमच्याकडे हे मागे लागणं कमी, परीक्षा, इंटरव्ह्यू, लिस्ट लागते. पण लिस्टमधे नाव आलं की बदलीची टांगती तलवार, म्हणून मुंबई सोडायला नको असणारी कितीतरी माणसं प्रमोशनचा फॉर्मच भरत नाहीत. दुरून डोंगर साजरे. (मूळ प्रश्नाला काही उपयोग नाही याचा, सॉरी.)

चौथी_सीट:
सगळ्यांना थँक्यू. आयजेपी पोर्टल बघितलं, लीडची पोझिशन आहे पण "होल्ड" दाखवतंय. म्हणजे हायरिंगच अडकवलंय वरून, आणि हा बाबा मला सायकल येऊ दे सांगतोय. सांगायचं ना मग तसं! आता त्याला मेल लिहिलाय की जागा होल्डवर दिसतेय, ती उघडणार आहे का, नसेल तर याच कामावर माझं नाव पुढच्या ग्रेडसाठी पाठवताय का. सोबत अर्धं पान जोडलंय. मॅडमना सीसीत ठेवू का?

रविवारी_पण_कॉल:
पहिल्या मेलला नको, तो चिडेल आणि विषय भलतीकडे जाईल. तारीख घाला, अमुक दिवसापर्यंत कळवा म्हणून, फॉर्म बंद व्हायच्या आधीची. उत्तर नाही आलं तर तोच मेल फॉरवर्ड करून मॅडमना.

कुर्ला_स्लो:
आणि सीव्ही आजच अपडेट करा.