बुडालेल्या लाकडावरची बुरशी: बीजाणूच्या टोकातून दोरा निघतोय, तो काय आहे?

ओंडका
ओढ्यात बुडालेली, साल गेलेली फांदी आणून बंद डब्यात ओल्या कागदावर ठेवली होती. काही आठवड्यांनी तिच्यावर काळपट ठिपके आले. ते लाकडात अर्धवट रुतलेले आहेत आणि वर बारीक मान आहे. एक ठिपका पाण्याच्या थेंबात फोडून सूक्ष्मदर्शकाच्या ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहिला. प्रत्येक ॲस्कसमध्ये (बीजाणूंच्या पिशवीत) आठ बीजाणू, रंगहीन, जाड भिंतीचे, मध्ये एक आडपडदा. दोन्ही टोकांना टोपीसारखं काहीतरी चिकटलेलं. थोड्या वेळाने त्या टोपीतून लांब दोरा सुटलेला दिसला. बीजाणू रुजतोय का?

शेवाळवाट
कचरा असेल. कॉटन ब्लू हा रंग घालून पाहा, सगळं स्पष्ट दिसेल.

जलबुरशी
थांबा, कॉटन ब्लू एवढ्यात नको! तो ज्या द्रवात मिसळलेला असतो त्या लॅक्टोफिनॉलमध्ये हे दोरे आणि चिकट आवरणं नीट दिसत नाहीत, बीजाणूही आक्रसतात. आधी साधं पाणी, रंग सगळ्यात शेवटी.

हे रुजणं नाही. रुजताना नळी भिंतीतून बाहेर येते आणि तिच्यात पेशीद्रव दिसतं. तुमच्याकडे टोपीच उलगडून तिचा दोरा झालाय. वाहत्या पाण्यात बीजाणूला लाकडाला धरून राहायला तो उपयोगी पडतो. इतक्या लहान जिवाची ही सोय पाहून मी आजही आयपीसवरून डोळा काढत नाही.

माझा अंदाज ॲनिप्टोडेरा. ही प्रजाती (genus) शियरर आणि मिलर यांनी १९७७ साली मांडली. तिचं हॅलोस्फेरिएसी हे कुळ मुख्यतः समुद्रातलं, पण गोड्या पाण्यातही तिच्या जाती सापडतात. आता ॲस्कस नीट बघा. या कुळात बहुतेकांचे ॲस्कस लवकर विरघळून जातात; हिचे टिकतात, शेंड्याला भिंत जाड असते आणि तिथे छिद्र असतं. शेंड्याला मोठं चकचकीत कडं दिसलं, तर मात्र ॲन्युलाटॅस्कस या दुसऱ्या बुरशीकडे वळा. नाइस नावाची बुरशीही अशीच दिसते, पण तिच्या बीजाणूंना दोरे नसतात. म्हणून टोप्या उलगडेपर्यंत वाट पाहणं महत्त्वाचं.

ओंडका
शेंड्याला जाडी आहे, मधोमध छिद्रही दिसतंय. कडं नाही. स्लाइड वाळायला लागली की काय करू?

जलबुरशी
छान! मग ॲनिप्टोडेराच धरून चाला. कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) कडेला पाण्याचा थेंब सोडत राहा. आवरण आहे का ते पाहायचं असेल तर पाण्याऐवजी पातळ इंडियन इंक सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. आवरण असेल तर काळ्या शाईत बीजाणूभोवती उजळ वलय दिसेल.

जातीचं (species) नाव एवढ्यात लिहू नका. त्यासाठी पाण्यातच निदान ३० बीजाणूंची लांबी-रुंदी मोजा आणि दोरा सुटण्याआधीचा व नंतरचा असे दोन्ही फोटो इथे टाका. फांदीचा उरलेला तुकडा हवेवर वाळवून कागदी पाकिटात ठेवा, फेकू नका.