पेनड्राईव्हवर फाईल जाईना, 'परवानगी नाकारली' येतंय

खानापूरहून विचारतोय. लग्नपत्रिकांचं डीटीपी करतो, मराठी-कन्नड दोन्ही. गेल्या महिन्यात विंडोजऐवजी चालणारं उबुंटू (लिनक्स) घातलं. टर्मिनलमधून (आज्ञा टाईप करायच्या खिडकीतून) ६४ जीबीचा पेनड्राईव्ह ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) केला. लावला की उघडतो, पण आतल्या फोल्डरवर बारीक कुलूप, फाईल टाकता येत नाही. बेळगावच्या छापखान्यात आजच पत्रिका पोचवायची आहे, नवरीचे वडील समोर बसलेत.

निपाणी:
दादा, ड्राईव्ह बिघडलेला नाही. ईएक्सटी४ मध्ये मालकाचा नंबर ड्राईव्हवरच लिहिलेला असतो. सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारात, फॉरमॅट केलात, म्हणून मालक रूट (अ‍ॅडमिन), तुम्ही नाही. ड्राईव्ह लावलेला असतानाच टर्मिनलमध्ये सुडो चाऊन (sudo chown, मालक बदलायची आज्ञा), पुढे तुमचं युजरनेम आणि मीडिया (/media) फोल्डरखालचा त्या ड्राईव्हचा पूर्ण पाथ (पत्ता) द्या. ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मात्र देऊ नका.

बेळगाव:
छापखान्यात विंडोज असेल तर ईएक्सटी४ तिथं उघडणारच नाही! एक्सफॅट (विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे उघडणारा फॉरमॅट) करा. त्यात मालकी साठवलीच जात नाही, त्यामुळे चाऊन चालत नाही. डेस्कटॉपवर माऊंट होतानाच (जोडला जातानाच) तो तुमच्या नावावर येतो. काढताना इजेक्ट कराच, नाहीतर अर्धी फाईल जाते.

खानापूर:
चाऊननं कुलूप गेलं. छापखान्यासाठी दुसरा एक्सफॅट केला, पत्रिका गेली. दोघांचेही मनापासून आभार.