टर्मिनल इम्युलेटर : नक्कल, सोंग की तोतया?

शेवंती
मामांच्या पंच्याहत्तरीला घरगुती स्मरणिका काढतोय. अमेरिकेतल्या शिक्षणाच्या दिवसांवर त्यांनी चार पानं लिहून दिली, पण इंग्रजीत. मराठी करायचं काम माझ्या गळ्यात. तीन पानं झाली, चौथ्यावर एका वाक्याशी अडले आहे.

साल १९८४. खोलीत कमोडोर ६४, जुन्या टीव्हीला जोडलेला. त्यावरून टेलिफोनमार्गे विद्यापीठाच्या व्हॅक्स संगणकावर काम करायचं. मामा लिहितात, माझ्याकडे टर्मिनल नव्हतं, टर्मिनल इम्युलेटर होता, म्हणजे चाळीस रकान्यांचा एक प्रामाणिक खोटारडा.

'खोटारडा' जमला. इम्युलेटरचं काय करू? मी आधी 'टर्मिनलची नक्कल' लिहिलं. मोठ्या मावशीने वाचून विचारलं, "नक्कल कुठून काढली, तलाठ्याकडून?"

तिरकीरेघ
मावशींना शंभरपैकी शंभर. सातबाराची नक्कल, निकालपत्राची नक्कल. मराठीत नक्कल 'काढतात' ती कागदाची आणि 'करतात' ती मास्तरांची. तुमच्या मामांचं यंत्र दोन्हींत बसत नाही.

अडकित्ता
यात अडण्यासारखं काय आहे? टर्मिनल म्हणजे अंत्यक. इम्युलेटर म्हणजे अनुकारी. अंत्यकानुकारी. संधी नको असेल तर अंत्यक-अनुकारी. शब्द अर्थवाही आहे, लिंग-वचन चालवता येतं.

तिरकीरेघ
अंत्यकानुकारी वाचून दहाव्याचे गुरुजी डोळ्यांपुढे आले. "अंत्यकानुकारींना बोलवा, पिंडाला कावळा शिवत नाही."

अडकित्ता
हसा. महापौर, दिनांक, चित्रपट हे सावरकरांचे शब्द आले तेव्हाही लोक हसले असणारच. आज तुम्ही अर्जावर 'दिनांक' लिहिता तेव्हा हसू येतं का?

पाणपोई
अहो, शब्द पाडण्याआधी वस्तू काय होती ते बघू या.

टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळफलक, बाकी काही नाही. विचार करणारा संगणक दुसरीकडे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी१०० हे १९७८ चं टर्मिनल इतकं चाललं की पुढे सगळे त्याच्याच वळणावर गेले. ८० रकाने, २४ ओळी. पलीकडून नुसती अक्षरं येत नसत, हुकूमही येत. एस्केप हे संकेतचिन्ह, मग चौकटी कंस, मग २ आणि जे : पडदा पूस. एस्केप, कंस, एच : वरच्या डाव्या कोपऱ्यात जा. खरं टर्मिनल हुकूम पाळतं आणि पडदा कोरा होतो. साध्या घरगुती संगणकाला त्यातलं काही कळत नाही, तो बापडा पडद्यावर [2J अशी गिचमिड उमटवतो. ती गिचमिड समजून घेऊन त्याप्रमाणे वागायला लावणारा प्रोग्रॅम म्हणजे टर्मिनल इम्युलेटर.

म्हणून माझं मत 'दुभाषा'. टर्मिनल-दुभाषा. नक्कल वगैरे नंतर, आधी भाषांतर.

परसदार
मी याच काळात ओहायोत होतो आणि माझ्याकडेही कमोडोरच होता, म्हणून दोन गोष्टी.

दुभाषाचं पाणपोईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कमोडोरची अक्षरांची सांकेतिक मांडणीच जगावेगळी होती. जग आस्की वापरायचं, हा पेट्स्की. त्यात मोठी आणि लहान रोमन अक्षरं उलटापालट. प्रोग्रॅमने बदलून घेतलं नाही तर पलीकडून सभ्यपणे लिहिलेलं वाक्य इकडे भलत्याच अक्षरावर ओरडल्यासारखं दिसे. शिवाय कळफलकावर एस्केपची कळच नव्हती! कुठली तरी दुसरी कळ त्या कामावर नेमावी लागे.

आता रकाने. कमोडोरचा पडदा ४० रकान्यांचा, व्हॅक्स ८० धरून लिहिणार. प्रत्येक ओळ मधोमध मोडायची. काही प्रोग्रॅम हट्टाने ८० बसवत. पडद्याची रुंदी ३२० ठिपके, भागिले ८०, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला चार ठिपके. त्यातला एक शेजारच्या अक्षरापासून अंतर ठेवायला. उरले तीन. तीन ठिपक्यांत एम काढून दाखवा आणि मग त्याच तीन ठिपक्यांत डब्ल्यू. मी एकदा परीक्षेची खोली चुकलो होतो.

आणि जोडणी! माझा मोडेम १६०० क्रमांकाचा व्हिकमोडेम, ३०० बॉड वेगाचा. आधी फोनवर बोटाने नंबर फिरवायचा. पलीकडून शिट्टी आली की रिसीव्हरची गुंडाळीची वायर उपसायची आणि तीच मोडेममध्ये खुपसायची. हात चलाख हवा. सेकंदाला तीस अक्षरं. व्हीटी१०० चा पडदा भरायला १,९२० अक्षरं, म्हणजे एक मिनिट चार सेकंद. तेवढ्यात चहाला आधण ठेवून यायचो.

कोकणकडा
थोडं विषयांतर, पण 'टर्मिनल' शब्दावरूनच.

आमच्या शाळेत 'क्लास' या शाळांत संगणक आणायच्या प्रकल्पातले बीबीसी मायक्रो संगणक आले होते, ८५-८६ च्या सुमाराला. सर त्या प्रत्येकाला 'टर्मिनल' म्हणायचे. "तिसऱ्या टर्मिनलवर कोण बसलंय?" मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की टर्मिनलला स्वतःची अक्कल नसते, आणि हा तर पुरता संगणक. उभा राहून तसं सांगितलं. सर म्हणाले, "मग अक्कल नसलेलं तूच एक टर्मिनल, जा, मागे जाऊन बस." तेव्हापासून हा शब्द माझ्या वर्मी आहे.

तर चर्चेपुरतं : लोक कळफलक-पडद्याच्या कुठल्याही जोडीला टर्मिनल म्हणत आणि अजूनही म्हणतात. बँकेत विचारा.

इम्युलेटरला मात्र माझं मत 'सोंग'. आमच्याकडे दशावतारात रात्रभर सोंग वठवतात. संहिता नसते, समोरच्याने प्रश्न टाकला की भूमिकेत राहून उत्तर द्यावं लागतं. आजोबा म्हणत, "सोंग घेतलंस तर निभावूक व्हया." टर्मिनलचं सोंग.

बाराखडी
टर्मिनलच्या मुळाशी लॅटिन तेर्मिनुस, हद्द. आता गंमत बघा : संस्कृतात तर्मन् असा शब्द आहे, अर्थ यूपाचा, म्हणजे यज्ञातल्या बळी बांधायच्या खांबाचा, शेंडा, आणि तो याच घराण्यातला मानतात. म्हणजे अडकित्ता यांना 'अंत्यक' घडवायची गरजच नव्हती, तर्मन् तयार होता.

इम्युलेटरचं मूळ एमुलुस, प्रतिस्पर्धी, बरोबरी करणारा. त्यात नक्कल नाही, ईर्ष्या आहे. सिम्युलेटर तसा दिसतो, इम्युलेटर तसा वागतो. त्यामुळे 'सोंग'पेक्षा 'तोडीचा' बरं.

अडकित्ता
तर्मन् सुचवलंत त्याबद्दल आभार. पण यूपाच्या शेंड्यावर बसून टंकलेखन कोण करणार?

बॅटरीच्या टर्मिनलला पाठ्यपुस्तकात 'अग्र' आहेच. धन अग्र, ऋण अग्र. मुलांना कळतं. मग संगणकाचं 'अग्र' का नको?

तिरकीरेघ
कारण मग 'अग्रानुकारी' होईल आणि आम्ही पुन्हा हसू. विमानतळावर "अग्र दोनवर सोडा" म्हणून बघा रिक्षावाल्याला.

पाणपोई
'सोंग'ला माझी हरकत. सोंग म्हटलं की ढोंग जवळच उभं असतं. सोंगाढोंगाचा माणूस. झोपेचं सोंग, वेडाचं सोंग. सगळ्यांत खोटेपणा.

कोकणकडा
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे शिमग्यात सोंग घेतलेल्या माणसाला घरोघर ओवाळतात.

बाराखडी
सोंग म्हणजे स्वांग. स्व + अंग, दुसऱ्याचं अंग आपलंसं करणं.

अडकित्ता
सु + अंग. सजवलेलं अंग.

बाराखडी
आधार?

अडकित्ता
तुमच्या स्व-ला जो आहे तोच.

तिरकीरेघ
माझा उमेदवार : तोतया. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, लोकांनी वर्षानुवर्षं खरा मानला. व्हॅक्सलाही शेवटपर्यंत वाटतंय की पलीकडे व्हीटी१०० बसलंय, आणि बसलाय दोन खणी खोलीतला कमोडोर.

परसदार
तिरकीरेघ, तुम्ही गंमतीत म्हणालात, पण ही ओळखपरेड खरोखर होत असे. व्हॅक्स पलीकडून विचारायचा : एस्केप, चौकटी कंस, सी. अर्थ, "तू कोण?" खरं व्हीटी१०० उत्तर देई : एस्केप, चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, १, अर्धविराम, २, सी. प्रोग्रॅम चांगला असेल तर तोही न अडखळता हेच उत्तर देई. निकृष्ट असेल तर गप्प राही. मग व्हॅक्स त्याला अनोळखी टर्मिनल समजून ओळीमागे ओळ टाके, मजकूर लिहायचा प्रोग्रॅम (एडिटर) पूर्ण पडद्यावर उघडत नसे.

कोकणकडा
हेच! दशावतारात नेमकं हेच. "तू कोण?" "मी शंकासुर." इथे अडखळला तो संपला.

पाणपोई
पण तोतयाच्या हेतूत फसवणूक आहे. भाऊसाहेबांच्या तोतयाला देहदंड झाला. शेवंतीताईंच्या मामांनी कोणाला फसवलं? विद्यापीठाने रीतसर खातं दिलं होतं. दोन्ही बाजूंना माहीत आहे की हे सोंग आहे.

(हं, 'सोंग'च लिहिलं गेलं. असो.)

बाराखडी
तोतया हा तोता, म्हणजे पोपट, यावरून आला असावा असा माझा जुना संशय आहे. ऐकलेलं बोलणारा.

अडकित्ता
तुमचे संशय आम्ही दर पावसाळ्यात ऐकतो.

पाणपोई
आपल्याकडचा अनुभवही नोंदवतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं, त्यात विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं शेल खातं असायचं. चित्र नाही, नुसती अक्षरं. पीसीवर टर्मिनलचा प्रोग्रॅम उघडायचा, प्रकार म्हणून व्हीटी१०० निवडायचा, आणि लिंक्स नावाच्या ब्राउझरमध्ये बाणाच्या कळांनी फिरायचं. आमच्या कट्ट्यावर त्याला कोणी इम्युलेटर म्हणत नसे. "व्हीटीहंड्रेड ठेव, नाहीतर कचरा येतो" एवढीच परिभाषा. 'कचरा' हा शब्द मात्र सगळ्यांचा एकच होता. त्याला कोणी कोशात घेतलं का?

परसदार
कचरा! आमच्याकडेही. बायकोने दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की पडद्यावर महिरपी कंसांची रांग यायची. मी ओरडायचो, "ठेव, कचरा येतोय." शेजारच्या गुजराती बाईंना वाटायचं, हा माणूस बायकोला रोज संध्याकाळी केर काढायला लावतो.

तिरकीरेघ
एक शंका. आजच्या लिनक्सवरची काळी खिडकी बहुतेक वेळा "मी एक्सटर्म" असं सांगते. एक्सटर्म मुळात स्वतःच जुन्या टर्मिनलांचा इम्युलेटर. म्हणजे हे सोंगाचं सोंग झालं. अडकित्ता, अनुकार्यनुकारी चालेल का?

अडकित्ता
अनुकार्यनुकारी व्याकरणशुद्ध आहे. तुम्ही थट्टेत का होईना, संधी बरोबर केलात.

शेवंती
बापरे, दोन दिवसांत एवढं? सगळ्यांचे आभार. काल मामांनाच फोन लावला. ते म्हणाले, "आम्ही कुठे इम्युलेटर म्हणायचो? आम्ही 'टर्म' म्हणायचो. टर्म टाकली, नंबर लावला, झालं." मग पाऊण तास मामा सांगत होते, प्रकल्पाच्या आदल्या रात्री मामींनी फोन कसा उचलला ते. मागून मामी सांगत होत्या की फोन भारतातून आला होता आणि मिनिटाचे किती डॉलर पडत ते विचार.

तर 'टर्म' लिहू का? मावशीला परीक्षा वाटेल, सहामाही-वार्षिक.

बाराखडी
'टर्म टाकली'? टर्म स्त्रीलिंगी कशी? प्रोग्रॅम तो, टर्मिनल ते. नपुंसकलिंगाचं लघुरूप स्त्रीलिंगी होत नाही.

पाणपोई
होतं की. तबकडी टाकली, म्हणून टर्म टाकली. फ्लॉपी ती होती ना.

परसदार
मग मोडेम? मी तो म्हणतो, बायको ते म्हणते. चाळीस वर्षं झाली.

अडकित्ता
ते. यंत्र ते, म्हणून मोडेम ते.

कोकणकडा
मग पंखा?

शेवंती
पानं छापायला द्यायची वेळ झाली. तूर्त 'टर्मिनलचं सोंग आणणारा प्रोग्रॅम' असं लिहिलं आहे, पुढे खोटारडा तसाच. पुरवणी प्रश्न : शेवटचं वाचन मावशीने केलं आणि 'व्हीटी१००' पाशी खूण करून लिहिलंय, "अमेरिकेत व्हीटी कुठून आलं? बोरीबंदर म्हणायचं आहे का? आणि शंभर म्हणजे तिकीट?" आता व्हीटीला तळटीप देऊ?

तिरकीरेघ
तळटीप अजिबात देऊ नका. मावशी मामांपेक्षा बऱ्या लिहितात.

बाराखडी
बोरीबंदरातली बोरी म्हणजे पोतं. मालाची पोती उतरायची, म्हणून.

कोकणकडा
मी बोरीची झाडं होती असं ऐकलंय.

अडकित्ता
पोतं म्हणजे बोरी हे हिंदी. १८५३ ला तिथून ठाण्याला गाडी सुटली तेव्हा मुंबईत पोत्याला गोण म्हणत. गोणबंदर का नाही झालं मग?