१६०० अँपिअरच्या पॅनेलला बसबार कोणता घ्यावा? दोन ड्रॉइंग आली आहेत, सल्ला हवा

नवा_देखभालवाला

आमच्याकडे १००० केव्हीए, ४०० व्होल्ट, ५ टक्के इम्पिडन्सच्या (आतल्या अडथळ्याच्या) ट्रान्सफॉर्मरखाली नवीन मुख्य पॅनेल बसवायचं आहे. इनकमर (वीज आत घेणारा मुख्य ब्रेकर) १६०० अँपिअरचा एसीबी, म्हणजे एअर सर्किट ब्रेकर; पुढे आठ एमसीसीबी (छोटे, बंद साच्यातले ब्रेकर) फीडर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाखा. धूळ भरपूर, म्हणून कपाट आयपी ५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाची श्रेणी) मागितलं आहे. एका पॅनेलवाल्याने बसबारसाठी (पॅनेलमध्ये वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीसाठी) दर फेजला १०० × १० मिलिमीटरची तांब्याची एकच पट्टी दाखवली आहे, दुसऱ्याने त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन. दोघांचाही हिशेब एका ओळीत संपतो: तांब्याला चौरस मिलिमीटरमागे १.६ अँपिअर, अ‍ॅल्युमिनियमला ०.८. एवढ्यावर सही करायचा धीर होत नाही. कोणतं घेऊ, आणि मंजुरीआधी त्यांना काय विचारू?

जुनी_वायर

सही थांबवलीत ते चांगलं केलंत. १.६ हा आकडा चुकीचा नाही, पण तो सगळीकडे चालत नाही. आयईसी ६०९४७ या ब्रेकरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ब्रेकरची तापमानवाढ तपासताना ठरावीक मापाच्या तांब्याच्या पट्ट्या जोडतात. १००० अँपिअरला ६० × ५ च्या दोन, १६०० ला १०० × ५ च्या दोन, २५०० ला १०० × ५ च्या चार, ३१५० ला १०० × १० च्या तीन. भागाकार करून बघा: १.६७, १.६, १.२५, १.०५. तांबं वाढतं त्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढत नाही, म्हणून मोठ्या करंटला हा आकडा उतरत जातो. शिवाय ही चाचणी मोकळ्या हवेतली. तुमचं कपाट बंद.

१६०० ला दोन पट्ट्या का, एक का नाही, हेही पाहा. १०० × १० ची एक किंवा १०० × ५ च्या दोन, तांबं तेवढंच. पण एकीचा परीघ २२० मिलिमीटर, दोघींचा मिळून ४२०. आतल्या बाजू एकमेकींना तापवतात, त्यामुळे फायदा दुप्पट होत नाही. तरी पट्टीच्या जाडीइतकी फट ठेवून त्या उभ्या बसवल्या तर हवा मधून वर सरकते आणि फरक चांगलाच पडतो. एसीबी आपली बरीच उष्णता टर्मिनलवाटे पट्टीतच सोडतो. पट्टी तापली की ब्रेकरही तापतो. त्यामुळे ‘बसबार १६०० चा, ब्रेकर १६०० चा’ असं वेगवेगळं मोजून भागत नाही.

आता मुख्य प्रश्न. पॅनेलची तापमानवाढ त्यांनी कशी सिद्ध केली आहे, चाचणीने की गणिताने? आयईसी ६१४३९ या पॅनेलच्या मानकात गणिताची वाट १६०० अँपिअरपर्यंतच मोकळी आहे, आणि त्या वाटेने गेलं तर ब्रेकरच्या मोकळ्या हवेतल्या रेटिंगच्या ८० टक्केच धरता येतात. १६०० चे झाले १२८०. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा करंट १४४३ आहे. म्हणजे त्याच रचनेच्या, त्याच आयपीच्या पॅनेलचा चाचणी अहवाल हवाच. नसेल तर मोठा ब्रेकर घ्यायला लावा.

टॉर्क_रेंच

अ‍ॅल्युमिनियमला सरसकट नाही म्हणू नका. वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, पण घनता २.७ विरुद्ध ८.९. तेवढ्याच रोधासाठी सेक्शन वाढवूनही वजन निम्म्यावर येतं. अडचण जॉइंटची आहे. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि तो वीज जाऊ देत नाही. घासून लगेच जॉइंट कंपाउंड लावायचं, किंवा टिन प्लेटिंग केलेल्याच पट्ट्या घ्यायच्या. तांब्याशी उघडा संपर्क नको, ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. शिवाय दाबाखाली ते हळूहळू दबतं, म्हणून कोनिकल वॉशर (दाब टिकवणारा शंकूच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर) लागतोच.

एका पॅनेलमध्ये मी स्वतः पाहिलं आहे: पट्ट्या दणदणीत, पण लिंकचा (दोन पट्ट्या जोडणाऱ्या तुकड्याचा) एक बोल्ट साध्या पान्याने अंदाजे आवळलेला. वरून काही दिसत नव्हतं. भारावर थर्मल कॅमेरा लावला तेव्हा तो एकच जॉइंट शेजारच्यांपेक्षा लख्ख वेगळा दिसला. उघडल्यावर पट्टीवरची इन्सुलेशनची स्लीव्ह करपलेली निघाली. तेव्हापासून मी बोल्टनिहाय टॉर्कची नोंद आणि बोल्टवर रंगाची खूण याशिवाय पॅनेल ताब्यात घेत नाही. तांबं घेतलंत तरी हे मागाच.

तीन_फेज

पट्ट्या धरून ठेवणाऱ्या सपोर्टबद्दल कुणी लिहिलं नाही. तुमच्याकडे शॉर्ट सर्किट करंट साधारण २९ केए (किलोअँपिअर) येतो (१४४३ भागिले ०.०५). पहिल्या शिखराला २.१ ने गुणा, ६१ केए. फेजच्या पट्ट्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १०० मिलिमीटर अंतर असेल तर मधल्या फेजवर मीटरमागे सुमारे ६.४ किलोन्यूटन, म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास जोर येतो. अंतर निम्मं केलं की जोर दुप्पट. म्हणून सपोर्ट किती मिलिमीटरवर आहेत आणि त्या अंतराला कोणत्या केएची चाचणी झाली आहे, हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. जागेवर सपोर्ट सरकवला तर ती चाचणी लागू राहत नाही.

नवा_देखभालवाला

सगळ्यांचे आभार. आज दोघांना पत्र पाठवलं: चाचणी अहवाल, सपोर्टचं अंतर आणि टॉर्कची नोंद. तांब्यावाल्याला १०० × ५ च्या दोन पट्ट्यांचं ड्रॉइंग मागितलं आहे. एक राहिलं: न्यूट्रल दोघांनीही फेजच्या निम्मा दाखवला आहे. चालेल का?

जुनी_वायर

भार काय आहे त्यावर. मोटरी आणि तीन फेजचे ड्राइव्ह असतील तर न्यूट्रलवर फारसं येत नाही. पण एलईडी दिवे आणि संगणक यांसारखे एका फेजवरचे भार भरपूर असतील तर तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये एकत्र होतो. तसं असेल तर पूर्ण मापाचाच घ्या. आणि आठ फीडरना डायव्हर्सिटी (सगळे एकदम पूर्ण भारावर नसतील म्हणून धरलेला गुणक) किती धरली तेही विचारा. करारात काही लिहिलं नसेल तर ६ ते ९ फीडरना आयईसी ६१४३९ मध्ये ०.७ गृहीत आहे. तुमचे सगळे फीडर एकदम पूर्ण भारावर चालणार असतील तर ते आत्ताच लेखी कळवा.