पत्रा तापतो, पाणी का नाही?
उन्हात पत्रा चटकन तापतो, पाणी मात्र उशिरा. पाणी 'जड' म्हणून असं होतं, असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तरी चटकन तापतो. खरी गोम हायड्रोजन बंधांत आहे. या बंधांमुळे पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. दिलेल्या उष्णतेतली बरीचशी ही पकड सैल करण्यातच खर्ची पडते. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, लोखंडाला जेमतेम ०.४५.

आमच्या सोलापुरात मे महिन्यात भर दुपारी पत्र्याला हात लावा, चटकाच बसतो. सिद्धेश्वर तलावाचं पाणी मात्र तेवढं तापलेलं नसतं. रात्री उलटं. पत्रा लगेच निवतो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी पहाटेपर्यंत कोमट. (गीझरचं बिल वाचतं, तेवढंच!)