मदत हवी आहे: आमवाताच्या गोळ्या चालू असताना गुळवेलीचा काढा द्यावा का?

कृष्णाकाठची
आई, वय ५८, तासगाव तालुका. मिरजेत रूमॅटॉइड आमवाताचं निदान झालंय, अँटी-सीसीपी (आमवाताची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. दर सोमवारी मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ, बुधवारी फॉलिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ, रोज सकाळी प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ. तरी सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. मावशी म्हणते, प्रतिकारशक्ती कमी झालीय, रोज गुळवेलीचा काढा दे. पावसाळ्यात आईला लगेच सर्दी-ताप येतो, त्यामुळे तिलाही ते पटलंय. देऊ का?

सांधेजोड
नका देऊ, ताई. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती आपल्याच सांध्यावर उलटते. सांध्याच्या आतल्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमतात, टीएनएफ, आयएल-६ अशी सूज वाढवणारी रसायनं सोडतात. अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारची कूर्चा नि हाड पोखरतं. मेथोट्रेक्सेट याच हल्ल्याला आवर घालतं. मग तीच शक्ती 'वाढवायला' काढा कशाला?

दुसरं कारण यकृताचं. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली, तीही प्रतिकारशक्ती उलटल्यासारखी. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. पण मेथोट्रेक्सेटनेही यकृत बिघडू शकतं. रक्तातलं एसजीपीटी (यकृताच्या इजेची खूण) वाढलं, तर दोष गोळीचा की काढ्याचा हे कळणार नाही आणि कामाची गोळी बंद करावी लागेल.

औषधपेटी
काढ्यापेक्षा मोठा धोका गोळ्यांच्या गोंधळात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ते आणि फॉलिक अ‍ॅसिड, दोन्ही बऱ्याचदा लहान पिवळ्या गोळ्या असतात. पट्टीवर मार्करने 'फक्त सोमवार' लिहा, डबी वेगळी ठेवा. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलपटतं, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट घसरतात, जीवावर बेततं. असं झालं तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता पट्टी घेऊन लगेच मोठं हॉस्पिटल गाठा. फोलिनिक अ‍ॅसिड (फॉलिक नव्हे) हा त्यावरचा उतारा, तो जितका लवकर तितका बरा.

लघवीच्या जळजळीवर किंवा जुलाबावर कोणी कोट्रायमॉक्झॅझोल हे अँटिबायोटिक दिलं तर घेऊ नका. मेथोट्रेक्सेटसोबत ते रक्तपेशी पाडतं. दुकानात दरवेळी आधी मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगा.

ताप आला तर सोमवारची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. प्रेडनिसोलोन मात्र एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्यानं शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) कमी बनवतं. गोळी अचानक तुटली तर बीपी पडतं.

कृष्णाकाठची
काढा नाही देत. मग सर्दी-तापासाठी काय करू? आणि रक्ततपासणी कितीदा?

सांधेजोड
फ्लूची टोचायची लस दरवर्षी, जमल्यास पावसाळ्याआधी. न्यूमोनियाची लसही. जिवंत विषाणूंच्या लशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं तर लस जास्त लागू पडते, पण आजार आटोक्यात असेल तरच आणि डॉक्टर म्हणाले तरच.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे आठ ते बारा आठवड्यांनी. १५ मिग्रॅ सुरू होऊन किती दिवस झाले?

कृष्णाकाठची
पाच महिने.

सांधेजोड
मग तासभराचा आखडलेपणा चालवून घेऊ नका. या औषधाला सहा ते बारा आठवडे लागतात, ते कधीच उलटले. पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा: डोस २० ते २५ पर्यंत नेता येईल का, तोंडाऐवजी त्वचेखालचं इंजेक्शन चालेल का (१५ च्या वर गोळी पोटातून नीट शोषली जात नाही), की सल्फासलाझिन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे आमवाताचं दुसरं औषध जोडायचं. जाताना गेल्या सगळ्या रिपोर्टची फाईल घेऊन जा.