इंग्रजीतले फोनवरचे सौजन्य वेगळे शिकावे लागते का?

डिस्पॅच_टेबल
भोसरीतील एका छोट्या वर्कशॉपमध्ये माल पाठवण्याचे आणि ग्राहकांशी बोलण्याचे काम माझ्याकडे आहे. आमचा बराचसा माल चेन्नई आणि होसूरला जातो. तिकडच्या खरेदी विभागात हिंदी फारशी चालत नाही, मराठीचा तर प्रश्नच येत नाही, त्यामुळे दिवसातून दहा-बारा फोन इंग्रजीत करावे लागतात. मी मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, पहिलीपासून ते २००० साली सुरू झाले. लिहिण्यात माझी चूक सहसा निघत नाही, आणि तरीही नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका ग्राहकाने मालकांना कळवले की तुमच्याकडच्या बाई फार उर्मट बोलतात.

मालक दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसून राहिले, तेव्हा घोटाळा लक्षात आला. मनात 'काय हवं होतं आपल्याला?' असे म्हणत मी प्रत्यक्षात 'व्हॉट डू यू वॉन्ट?' म्हणत होते. 'जरा थांबता का?' याचे नुसते 'वेट' होत होते, 'बोला ना' याचे 'टेल मी' होत होते, आणि शेवटी 'ठेवते हं' म्हणून मी चक्क 'आय ॲम कीपिंग द फोन' म्हणत असे. एकही वाक्य शिवीगाळीचे नव्हते, पण प्रत्येकातला आदर वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

माझे मत असे झाले आहे की मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. 'सांग', 'सांगा', 'सांगाल का' एवढ्यात नाते ठरते, आणि म्हणून आपल्याला 'प्लीज'सारख्या शब्दाची रोजच्या बोलण्यात गरजच पडत नाही ('कृपया' हा पाटीवरचा शब्द आहे, तोंडातला नव्हे). इंग्रजीत 'यू' एकच. तिथे ते सगळे ओझे 'कुड', 'वुड', 'मे' यांना उचलावे लागते. शाळेने अर्ज लिहायला शिकवले, पण फोनवर बोलायला कधी शिकवले नाही. हे सौजन्य वेगळा विषय म्हणून, वाक्ये घोटून शिकावे, असे मला वाटते. आपले मत काय?

रात्रपाळी_२००४
मी असहमत आहे, आणि अनुभवाने आहे. पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये मी तीन वर्षे रात्रपाळी केली. तिथे आम्हाला हेच शिकवले गेले होते. ग्राहक चिडला की 'आय अंडरस्टँड युअर कन्सर्न' म्हणायचे, होल्डवर टाकण्याआधी परवानगी मागायची, परत आल्यावर थांबल्याबद्दल आभार मानायचे. सहा आठवडे आमच्याकडून हे घोटून घेतले, आणि बिल चुकलेल्या माणसाचे बिल दुरुस्त करण्याचा अधिकार मात्र आम्हाला कोणी दिला नाही. आपली काळजी समजते असे तिसऱ्यांदा ऐकले की माणूस अधिकच भडकतो, कारण त्याला वाक्य ओळखू येते.

फोनवरचे खरे सौजन्य म्हणजे समोरच्याला पुन्हा विचारायला न लावणे. जुन्या टेलिफोन यंत्रणेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. 'स' आणि 'फ' यांना वेगळे करणारा सळसळीचा भाग बराचसा त्याच्या वर असल्याने 'एस' आणि 'एफ' तारेवर जवळपास सारखे ऐकू येतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांचे तेच, तिथे फरक मुख्यतः आघाताचा. आपल्या ताईंनी होसूरला १५ ऐवजी ५० नग पाठवले, तर 'वुड यू माइंड'ने ती चूक भरून निघणार आहे का? 'वन फाइव्ह, फिफ्टीन' असे दोनदा म्हणायला आधी शिकावे, बाकीचे आपोआप येते.

डिस्पॅच_टेबल
नगांची संख्या मी आजवर कधीही चुकवलेली नाही, हे नोंदवून ठेवते. माझी तक्रार झाली ती संख्या बरोबर असताना झाली, हा माझा मुद्दा होता.

ट्रंक_बोर्ड
मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. आमच्या काळी मुंबईहून परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. थेट एसटीडी देशात प्रथम १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर आली आणि बाकीच्या गावांना पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. बोर्डावर बसलेल्या आम्हा मुलींना ठरावीक इंग्रजी वाक्ये असत, आणि तीन मिनिटे झाली की मध्ये बोलून तसे सांगावे लागे. कोणाच्या घरी मयत झालेली असे, पलीकडे रडणे ऐकू येत असे, आणि आम्हाला त्यात 'थ्री मिनिट्स, सर' म्हणायचे असे. ते शब्द बदलण्याची मुभा नव्हती. स्वर मात्र आमचा होता, आणि आवाज खाली आणून, किंचित थांबून म्हटले की पलीकडचा माणूस रागावत नसे.

म्हणून मी दोघांच्याही बाजूने नाही. 'वेट' हा शब्दसुद्धा हळू म्हटला तर खपतो असे मी कालपर्यंत म्हटले असते, पण डिस्पॅच ताईंचे 'व्हॉट डू यू वॉन्ट' कितीही मध घालून म्हटले तरी खपणार नाही. काही वाक्ये मुळातच वाईट असतात, ती पाठ करून टाळलीच पाहिजेत.

आठाच्या_ठोक्याला
मी इंग्लंडमध्ये अकरा वर्षे राहत आहे आणि अतिसौजन्याचा फटका सांगू इच्छितो. इथे डॉक्टरांची वेळ मिळवायला बऱ्याच ठिकाणी सकाळी आठ वाजता फोन लावून रांगेत थांबावे लागते. माझी आई भारतातून आली असताना तिला चार दिवस ताप होता. मी इथल्या रीतीप्रमाणे 'सॉरी टू बॉदर यू' पासून सुरुवात केली, मग 'आय वॉज जस्ट वंडरिंग इफ पर्हॅप्स' असे लांबलचक वाक्य गुंफले. रिसेप्शनवरच्या बाईंनी तितक्याच गोड आवाजात पुढच्या आठवड्यातला गुरुवार दिला. शेजारच्या पंजाबी काकूंनी माझ्या हातून फोन घेतला आणि 'शी इज सेव्हंटी-टू, फीवर फोर डेज, शी इज नॉट ईटिंग' एवढे तीन तुकडे टाकले. दुपारी अडीचची वेळ मिळाली.

काकूंच्या बोलण्यात एकही 'कुड' नव्हता. सौजन्याची वाक्ये शिकवणारे लोक ती कधी गुंडाळून ठेवायची हे शिकवत नाहीत, ही माझी हरकत आहे.

खडकवासला
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. पुण्यात राहून पुण्यातल्याच दवाखान्यात फोन केला तरी पलीकडून 'हाउ मे आय हेल्प यू' येते, आपण मराठीत बोललो तरी उत्तर इंग्रजीतच, हा कुठला आदर? 'हॅलो' हा शब्दसुद्धा काही वेदांतून आलेला नाही; १८७७ मध्ये एडिसनने तो सुचवला, आणि टेलिफोनचा जनक बेल स्वतः 'अहॉय'च्या बाजूने होता. इथे २०२२ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांना 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलेच की. म्हणजे रीत माणसेच ठरवतात. मग आपण मराठीची का ठरवू नये?

डिस्पॅच_टेबल
दवाखान्याबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु होसूरच्या खरेदी अधिकाऱ्यांशी मी मराठीत बोलू लागले तर माल आमच्या फाटकातच राहील. गंमत म्हणजे त्यांची इंग्रजीही तमिळ वळणाची आहे. ती ना लंडनची ना न्यूयॉर्कची. दोघांनाही परकी असलेल्या भाषेत आम्ही दोघे एकमेकांचा मान राखायचा प्रयत्न करतो.

इंग्लंडच्या दादांच्या हरकतीवर मात्र मी विचार केला. त्यांचे 'आय वॉज वंडरिंग' आणि आपले 'काय हवं होतं' यांत एकच युक्ती आहे: गोष्ट आत्ताची, पण क्रियापद भूतकाळात ढकलायचे, म्हणजे समोरच्यावर दडपण येत नाही. आपल्याकडे दुकानदार दिवसभर हे करतो आणि काउंटरवरून 'किती पाहिजे होतं?' असे विचारतो, पण त्याला हा व्याकरणाचा धडा कोणी दिलेला नसतो. तेव्हा पाठांतराऐवजी 'मराठीत मी हे कसे म्हटले असते आणि त्यातला नरमपणा नेमका कुठे आहे' हे शोधून इंग्रजीत तेवढाच नेता येईल, असे आता वाटते. रात्रपाळी यांचे 'वन फाइव्ह, फिफ्टीन' मी आजपासून उचलले आहे. फोनजवळ चिकटवलेल्या चिठ्ठीतली वाक्ये नऊ होती, ती चार केली.

एक मात्र अजून अडले आहे. 'ठेवू का?' यात आपण परवानगी मागतो आणि समोरचा 'हो, हो, ठेवा' म्हणतो. इंग्रजीत फोन ठेवण्याची परवानगी कशी मागावी?

रात्रपाळी_२००४
मागत नाहीत. 'ऑल राइट, देन' असे म्हणून क्षणभर थांबायचे. समोरच्याला अजून काही सांगायचे असेल तर तो त्या पोकळीत बोलतो, नसेल तर 'थँक यू, बाय' म्हणतो. 'देन' मात्र किंचित लांबवून म्हणावे, तोडून म्हटले तर हाकलल्यासारखे वाटते.

ट्रंक_बोर्ड
पाहा, आला ना शेवटी स्वरावर!